पोरीला दोन महिने बिनपगारी मुंबईला पाठवू का?

यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातून एका वडिलांचं पत्र आलं आहे. लेक अमरावतीला एम.एस्सी. पर्यावरणशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. राज्याच्या वातावरणीय बदलाच्या धोरणाचं काम मुंबईत जिथे चालतं, तिथे जानेवारीपासून दोन महिने प्रशिक्षणार्थी म्हणून तिची निवड झाली. मानधन नाही. वडील लिहितात : "पाच एकर कोरडवाहू आहे. ऐन वेचणीत घरचं एक माणूस कमी होणार, वरून खर्च आमचाच. हे धोरणाचं काम म्हणजे काय, ते गावात कोणालेच सांगता येत नाही. त्यापरीस तेवढ्या पैशात एमपीएससीचा क्लास लावला तर?"

नमस्कार भाऊ,

माझं मत आधी सांगते. पाठवा. मात्र त्यासाठी व्याजाने पैसे काढावे लागणार असतील तर पाठवू नका. तेव्हा काय करायचं ते पुढे लिहिलं आहे.

धोरणाचं काम म्हणजे काय, हे तुम्हाला बाहेरच्या कोणी सांगायची गरज नाही, तुम्ही ते सोसलेलं आहे. 24 तासांत 65 मिलिमीटरच्या वर पाऊस झाला तर अतिवृष्टी, हा सरकारी नियम तुम्हाला पाठ असेल. पण तो पाऊस मोजतात महसूल मंडळाच्या केंद्रावर, आणि एका मंडळात गावं कितीतरी. तुमच्या नाल्याकडे आभाळ फाटलं, वावरातली माती धुऱ्यासकट वाहून गेली, आणि केंद्रावर 50 मिलिमीटरच नोंदले गेले, तर पंचनाम्यासाठी तलाठ्याकडे चकरा सुरू. दुसरी तऱ्हा रिपरिपीची. आठवडाभर सूर्य दिसत नाही, रोजचा आकडा 65 च्या जवळपासही नसतो, आणि सोयाबीनच्या शेंगांना झाडावरच कोंब फुटतात. हे नुकसान त्या नियमात बसतच नव्हतं. म्हणून 2023 मध्ये राज्य मंत्रिमंडळाला 'सततचा पाऊस' ही आपत्ती म्हणून मान्य करावी लागली.

असा एक शब्द नियमात यायचा तर आधी कोणीतरी पावसाचे आकडे काढतं, पिकाच्या नुकसानीशी ते ताडून पाहतं, टिपणी लिहितं, फाईल वर जाते. तुमची लेक या तऱ्हेचं काम जवळून बघणार आहे. आणि तिथे बसणाऱ्या किती जणांनी कोंब फुटलेली शेंग हातात घेतली असेल? तिने घेतली आहे. मला तिची खरी लायकी इथे दिसते, गुणपत्रिका त्यानंतर.

म्हणून जायच्या आधी तिला एक काम सांगा. कृषी विभागाच्या महारेन संकेतस्थळावर मंडळनिहाय रोजचा पाऊस मिळतो. गेल्या दोन-तीन खरिपांचा तुमच्या मंडळाचा तक्ता तिने उतरवून घ्यावा आणि तुमच्याजवळ बसावं. पेरणी कधी केली, खंड किती दिवसांचा पडला, दुबार पेरणी कोणाकोणाला करावी लागली, बोंडं कधी सडली, हे सगळं तुम्ही सांगा आणि तिने तारखांसमोर लिहावं. जिथे तक्ता एक सांगतो आणि वावर दुसरं, तिथे खूण करावी. असा कागद घेऊन गेलेल्या मुलीला झेरॉक्स काढायला बसवणं अवघड जातं.

इंग्रजीची धास्ती पत्रात एका ओळीत आली आहे. केंद्राचे आणि जागतिक बँकेचे अहवाल इंग्रजीत असतात, राज्याचे शासन निर्णय मात्र मराठीत. इंग्रजी अहवालातला मुद्दा नेमक्या मराठीत मांडणारं माणूस अशा कार्यालयाला हवंच असतं. तिने रोज एक शासन निर्णय वाचायला सुरुवात करावी.

आता पैसा. खाटेचं भाडं, डबा, लोकलचा पास आणि अमरावती-मुंबई गाडीचं तिकीट, एवढा हिशेब कागदावर मांडा. वेचणीला मजूर लावावा लागेल, तेही त्यात धरा. घरच्या कापसाच्या पैशातून भागत असेल तर विचार करत बसू नका. भागत नसेल तर जिल्ह्यातच जागा शोधा, आणि त्याला कमी लेखू नका. पोकरा म्हणजे नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प 2018 पासून जागतिक बँकेच्या कर्जावर चालू झाला, त्यात यवतमाळ आहे. गावात पाऊस किती पडतो, जिरतो किती, पिकांना लागतो किती, याचा ताळेबंद मांडायची त्यांची पद्धत आयआयटी मुंबईच्या मदतीने बसवलेली आहे. ती पद्धत पोरगी शिकली तरी दोन महिने सार्थकी लागले. जिल्हाधिकारी कार्यालयातला आपत्ती व्यवस्थापन कक्ष आहे, ग्रामपंचायतींमध्ये 2020 पासून माझी वसुंधरा हे राज्याचं पर्यावरण अभियान आहे. अर्ज करून विचारावं.

एमपीएससीचा क्लास दोन महिने उशिरा लागला तर काही बिघडत नाही. राज्यसेवा मुख्य परीक्षा 2025 पासून वर्णनात्मक झाली आहे, म्हणजे उत्तरं सविस्तर लिहावी लागतात. पंचनाम्याचा नियम कसा बदलतो हे पाहिलेली मुलगी पर्यावरणावरचं उत्तर वेगळंच लिहील. तरुणांना राज्य सरकारसोबत काम करायला देणाऱ्या मुख्यमंत्री फेलोशिपलाही (वय 21 ते 26) कामाचा अनुभव मागतात. पण या दोन महिन्यांच्या शेवटी नोकरी नाही, हे तुम्हीही धरून चला आणि तिलाही स्पष्ट सांगा.

होकार कळवण्याआधी तिने दोन गोष्टी लेखी मागाव्यात : कोणत्या अधिकाऱ्याच्या हाताखाली काम करायचं, आणि शेवटी तिच्या नावाने कोणता अहवाल किंवा टिपणी तयार होणार. याचं उत्तर गोलमोल आलं तर जिल्ह्यातली जागा बरी. आणि विभागप्रमुखांचं परवानगीपत्र तिने याच आठवड्यात घ्यावं, म्हणजे हजेरीचा आणि श्रेयांकांचा घोळ मार्चमध्ये होणार नाही.