आजीचं कॅलेंडर जुनं नाही

मेलबर्न
भारतीय सौर २४ श्रावण, शके १९४७

प्रिय सोनू,

वरची तारीख मी गंमत म्हणून घातलेली नाही. ती आजचीच आहे, शुक्रवार, १५ ऑगस्ट २०२५.

परवा तू शाळेच्या पोस्टरवर भारताची चिन्हं काढत होतीस. वाघ झाला, मोर झाला, कमळ झालं, सिंहांपाशी तू अडलीस (तीनच दिसतात, चौथा पाठीमागे असतो, तो काढायचा नाही). मग भिंतीकडे बघून विचारलंस, "बाबा, आजीने १९४७ चं जुनं कॅलेंडर का पाठवलं? इंडिया फ्री झाली म्हणून?" मी हसलो, "नंतर सांगतो" म्हणालो आणि कुकरकडे वळलो. खरं सांगू? मलाही नीट सांगता आलं नसतं. दोन रात्री वाचून आता लिहितोय.

कॅलेंडर यंदाचंच आहे. त्यावरचं १९४७ हे शके १९४७. आपल्याकडे वर्षं मोजायची ही वेगळी रीत आहे, तिचा आरंभ इसवी सन ७८ मध्ये. म्हणून शकात ७८ मिळवले की इथलं साल येतं. जानेवारीपासून चैत्र लागेपर्यंत मात्र ७९ मिळवायचे, कारण आपलं वर्ष चैत्रात बदलतं. देश स्वतंत्र झाला तेव्हा शके १८६९ चालू होतं. दोन्ही आकडे यंदा एकसारखे दिसतात तो निव्वळ योगायोग.

आता तुझ्या पोस्टरचं. वाघ-मोराच्या यादीत एक चिन्ह असं आहे की ते कुणी काढत नाही, कारण त्याला ना पंख ना शेपटी. भारताची राष्ट्रीय दिनदर्शिका. तीही शकाचीच. सरकारने ती २२ मार्च १९५७ पासून लागू केली, त्या दिवशी १ चैत्र १८७९ होता. सरकारच्या राजपत्रावर इंग्रजी तारखेशेजारी हीही तारीख असते. मी लहान असताना सकाळी रेडिओवर निवेदक म्हणायचे, "भारतीय सौर अमुक, शके अमुक". आम्ही दात घासता घासता ऐकायचो आणि एक अक्षर कळायचं नाही. रिझर्व्ह बँकेने तर बँकांना सांगून ठेवलंय की राष्ट्रीय शकाची तारीख घातलेला चेक, बाकी सगळं बरोबर असेल तर, वटवलाच पाहिजे. असा चेक लिहिणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

सरकारला ही उठाठेव का करावी लागली? तेव्हा देशात सुमारे तीस वेगवेगळी पंचांगं चालू होती. एकाचा सण आज, तर दुसऱ्याचा उद्या. आपल्यात बघ ना, कोकणात टिळक पंचांग मानणाऱ्या घरांत एखाद्या वर्षी गणपती बाकीच्यांच्या महिनाभर आधी येऊन जातो. घरात ते खपतं, पण सुट्ट्या जाहीर करणाऱ्या सरकारने काय करायचं? म्हणून १९५२ मध्ये एक समिती नेमली. अध्यक्ष मेघनाद साहा, ताऱ्यांच्या प्रकाशावरून ते किती तापलेत हे ओळखायचं गणित मांडणारे मोठे शास्त्रज्ञ. समितीत दोन मराठी माणसंही होती, नागपूरचे के. ल. दफ्तरी आणि पुण्याचे, 'केसरी'चे माजी संपादक ज. स. करंदीकर. १९५५ मध्ये अहवाल आला. दिनदर्शिका लागू झालेली बघायला साहा मात्र राहिले नाहीत, ते फेब्रुवारी १९५६ मध्ये गेले.

त्यांना सापडलेली चूक तुला तिळगुळावरून कळेल. संक्रांतीला आपण म्हणतो की सूर्य आता उत्तरेकडे निघाला. पण तिकडचा सगळ्यांत लहान दिवस २२ डिसेंबरच्या आसपास येऊन गेलेला असतो, आणि आपण तिळगुळ वाटतो १४ जानेवारीला! जुन्या गणितातलं वर्ष ऋतूंच्या वर्षापेक्षा वीस-पंचवीस मिनिटांनी मोठं आहे. वर्षाला एवढीशीच मिनिटं, पण दीड हजार वर्षांत ती साचून तीन आठवड्यांवर गेली. साहांच्या समितीने वर्ष पुन्हा सूर्याला बांधलं. दिवस आणि रात्र सारखे होतात त्याच्या दुसऱ्या दिवशी, २२ मार्चला, १ चैत्र. लीप वर्षी २१ मार्चला. वैशाख ते भाद्रपद ३१ दिवसांचे, बाकीचे ३० चे, लीप वर्षी चैत्रही ३१ चा. (इथे मेलबर्नला त्या सुमारास पानं पिवळी व्हायला लागतात. आपला वसंत इथे उलटाच.)

आजीचे महिने मात्र चंद्रावर चालतात. म्हणून यंदा गुढी उभारली ३० मार्चला, तेव्हा सरकारी चैत्राची ९ तारीख होती. पुढच्या वर्षी पाडवा १९ मार्चला आहे, सरकारच्या तीन दिवस आधी. म्हणजे तीन दिवस आजी १९४८ मध्ये आणि दिल्ली १९४७ मध्येच! एकाच कॅलेंडरवर दोन्ही छापतात, मोठ्या अक्षरांत आजीचं आणि बारीक अक्षरांत सरकारचं.

मला स्वतःला यात सगळ्यांत आवडलं ते नाव. पैठणच्या शालिवाहनाची गोष्ट आजीने तुला सांगितली आहे, मातीच्या शिपायांत प्राण फुंकणारा कुंभाराचा मुलगा. तो जिंकला आणि शक सुरू झाला, म्हणून आपण शालिवाहन शक म्हणतो. गोष्ट गोडच आहे. पण शक हे बाहेरून आलेले राजे होते आणि पैठणच्या सातवाहनांनी त्यांना हरवलं. नाशिकच्या लेण्यात गौतमीपुत्र सातकर्णीच्या आईने कोरून घेतलंय की माझ्या मुलाने शकांचा नाश केला. नाशिकजवळ जोगळटेंभीला शकांच्या नहपानाची हजारो चांदीची नाणी सापडली, त्यातल्या कित्येकांवर गौतमीपुत्राने आपला छाप मारलेला. आणि कालगणनेला नाव उरलं ते हरलेल्यांचं! पुढे पुढे तर 'शक' म्हणजे कालगणना असाच अर्थ मराठीत झाला. शिवाजी महाराजांना राज्याभिषेक झाला, ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६, तेव्हा त्यांनी आपला राज्याभिषेक शक सुरू केला. म्हणून त्यांना शककर्ते म्हणतात. स्वतःचा शक सुरू करणं म्हणजे मी कुणाचा मांडलिक नाही हे सांगणं.

भारताचं गणराज्य झालं तेव्हा त्यालाही ते करता आलं असतं. २६ जानेवारी १९५० पासून वर्ष पहिलं! तसं केलं नाही. राज्यघटनेच्या हिंदी उद्देशिकेत तारखेबरोबर विक्रम संवत २००६ ची मिती आहे, आणि दिनदर्शिकेसाठी शक निवडला, कारण देशभरचे ज्योतिषी फार पूर्वीपासून त्यावर गणित करत आले होते. कुणा एका राजाचा नाही, पण सगळ्यांच्या वहीत असलेला. मला तर हे नवा शक काढण्यापेक्षा जास्त ऐटदार वाटतं. तुझी आई म्हणते, वापरत कुणीच नाही त्यात ऐट कसली? तेही खरंच आहे.

पोस्टरवर कोपऱ्यात जागा असेल तर एक चौकोन आखून आजची तारीख लिही. आणि तुझा वाढदिवस, ३ नोव्हेंबर, सरकारी हिशोबाने १२ कार्तिक. लीप वर्ष असो-नसो, कायम १२ कार्तिकच. आजीची तिथी मात्र दरवर्षी हलते, म्हणून तिचा फोन कधी आधी येतो, कधी नंतर, आणि तू म्हणतेस आजी विसरली.

तिच्या कॅलेंडरवर आज श्रावण वद्य सप्तमी आहे आणि खाली कृष्णजन्म. तिचा उपास असेल. रात्री बारा वाजता ती पाळणा म्हणते, तेव्हा आपल्याकडे पहाटेचे साडेचार. उठवू का तुला?

तुझा,
बाबा