बादलीला वृत्तचिती म्हणावे का?

प्रश्न : यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यात मी गणित शिकवते. घनाकृतींच्या पाठासाठी मुलांनी घरून वस्तू आणल्या आणि बादलीवरून वर्गात वाद झाला. बादली ही वृत्तचिती (सिलिंडर) मानावी का? तसेच घन आणि इष्टिकाचिती (विटेसारखी आकृती) हे दोन वेगळे प्रकार समजावेत का?

उत्तर : वस्तू गोलसर दिसते की चौकोनी, एवढ्यावरच वर्गवारी केली तर असे वाद होणारच. आधी पाहावे ते हे, की सगळी पृष्ठे सपाट आहेत की एखादे वक्र आहे. त्यानंतरची कसोटी कापाची. शेतातली काळी माती मळून तिच्या आकृती करा आणि ताणलेल्या दोऱ्याने तळाला समांतर काप घ्या. तळ त्रिकोणी असो वा वर्तुळाकार, चितीचे सर्व काप एकसारखे निघतात. सूची (पिरॅमिड) आणि शंकू यांचे काप मात्र लहान होत होत शिरोबिंदूपाशी संपतात. बादलीचे काप वरून खाली लहान होत जातात, पण बिंदूपर्यंत पोहोचत नाहीत. म्हणून ती वृत्तचिती नव्हे, तर टोक छाटलेला शंकू, म्हणजेच दहावीत येणारा शंकूछेद होय. हा भेद केवळ नावापुरता नाही. काठाची त्रिज्या 14 सेंमी, तळाची 7 सेंमी आणि उंची 30 सेंमी असलेल्या बादलीत (π = 22/7 घेऊन) 10.78 लिटर पाणी मावते. काठाचीच त्रिज्या धरून तिला वृत्तचिती मानले, तर उत्तर 18.48 लिटर येते!

घन हा इष्टिकाचितीचाच विशेष प्रकार आहे. दोहोंना 6 पृष्ठे, 12 कडा आणि 8 शिरोबिंदू असतात. घनाच्या सर्व कडा समान असतात, एवढेच. जिनिंगमधली कापसाची गाठ ढोबळमानाने इष्टिकाचिती आहे, घन नाही. भट्टीच्या विटेवर नावाची खाच असेल, तर काटेकोरपणे तीही इष्टिकाचिती उरत नाही, पण वर्गात एवढे ताणू नये.

पृष्ठे व शिरोबिंदू यांची बेरीज कडांपेक्षा 2 ने अधिक असते, हे ऑयलरचे सूत्र चिती आणि सूची यांवर मुलांकडून जरूर पडताळून घ्यावे. वृत्तचितीला ते लावू नये, कारण 3 पृष्ठे, 2 कडा आणि एकही शिरोबिंदू नाही, हा हिशेब त्यात बसत नाही.

तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल कुणी आणलाच, तर तो अखंड कोणत्याही प्रकारात बसणार नाही. त्याची चाके तेवढी वृत्तचितीत टाकता येतील.