वाचक विचारतात : कोळशाची ग्रिल, तिचे साहित्य आणि धुरीचे भांडे

या अंकासाठी आलेले बहुतेक प्रश्न कोळशावर भाजायला नुकतीच सुरुवात केलेल्या वाचकांचे आहेत. एकसारखे प्रश्न एकत्र करून उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : झाकणाची गोल ग्रिल, ५७ सेंटिमीटर व्यासाची, भेट मिळाली आहे. सोबत घ्यायच्या साहित्याच्या याद्या मारुतीच्या शेपटासारख्या लांब आहेत. आधी काय घ्यावे?

चार वस्तू घ्या आणि महिनाभर थांबा : कोळसे पेटवायची चिमणी, सुईचा डिजिटल थर्मामीटर, लांब चिमटा आणि कातडी हातमोजे. पाचवी वस्तू कोणती हवी, ते तोवर तुमचे तुम्हालाच कळेल.

चिमणी म्हणजे पत्र्याचे नळकांडे. आत खालच्या बाजूला जाळी असते आणि बाहेर मूठ. जाळीखाली कागदाचे दोन सैल बोळे ठेवायचे, वर कोळसा भरायचा आणि खालून काडी लावायची. बोळे घट्ट कोंबले तर हवा अडते आणि नुसता धूर होतो. कागदावर चमचाभर खाण्याचे तेल शिंपडले तर तो जास्त वेळ जळतो. १५ ते २० मिनिटांत वरच्या कोळशांवर राखाडी थर दिसू लागला की निखारे ओता. चिमणी ग्रिलमधल्या कोळशाच्या जाळीवरच ठेवून पेटवा. लाकडी फळ्यांवर किंवा फरशीवर नको, कारण उष्णतेने काँक्रीटसुद्धा तडकते. या मापाच्या ग्रिलला मोठी चिमणी लागते, साधारण १०० ब्रिकेट (कोळशाचा भुगा दाबून केलेल्या एकसारख्या वड्या) मावतील एवढी. मोठी घेतली तर अर्धी भरता येते. छोटी घेतली तर निखारे कमी पडतात.

चिमणी आली की पेटवायचे पेट्रोलियम द्रव लागत नाही. ते पूर्ण जळण्याआधी पदार्थ ठेवला तर त्याला वास लागतो. पेटत्या निखाऱ्यांवर तर ते कधीच ओतू नये, ज्वाळा बाटलीपर्यंत चढते.

थर्मामीटर दोन-चार सेकंदांत आकडा दाखवणारा घ्या. सुई बाजूने, सर्वांत जाड भागात, हाडाला न टेकवता खुपसा. कोंबडी ७४ अंश सेल्सिअसला, खिमा ७१ ला आणि मासा ६३ ला तयार होतो. नवा थर्मामीटर ठेचलेला बर्फ आणि पाणी यांच्या मिश्रणात धरून तपासा. त्यात शून्य दिसले पाहिजे.

चिमटा ४० सेंटिमीटर लांबीचा पुरतो. त्याहून लांब असला तर पकड ढिली पडते. दोन घ्या, एक कच्च्या मांसाला आणि एक शिजलेल्याला. हातमोजे मनगटाच्या वर जाणारे हवेत आणि कोरडे हवेत. ओल्या कापडी हातमोज्यातून वाफ थेट कातडीला लागते.

प्रश्न : झाकणावरचा काटा १८० अंश दाखवतो, तरी चिकनच्या तंगड्या बाहेरून करपतात आणि आत कच्च्या राहतात. ग्रिलमध्ये दोष आहे का?

दोष निखाऱ्यांच्या मांडणीत आहे. झाकणावरचा काटा वरच्या हवेचे तापमान मोजतो. निखाऱ्यांच्या थेट वर जाळीपाशी धग त्याहून कितीतरी जास्त असते. निखारे सगळीकडे पसरले की पदार्थ हलवायला जागाच उरत नाही.

ओतलेले सगळे निखारे एका अर्ध्या बाजूला करा. दुसऱ्या बाजूला ॲल्युमिनियमचा ट्रे ठेवा, चरबी त्यात ठिबकेल. जाळी पाच-सात मिनिटे तापू द्या. तंगड्या निखारे नसलेल्या बाजूला, कातडी वर करून मांडा. झाकण लावताना वरची झडप, म्हणजे कमी-जास्त उघडता येणारे हवेचे भोक, मांसाच्या डोक्यावर येईल असे बघा, म्हणजे गरम हवा पदार्थावरून जाऊन मग बाहेर पडते. ३५ ते ४५ मिनिटांनी सुई लावा. ७४ ला तंगडी खाण्याजोगी होते, पण ८० च्या पुढे गेल्यावर तिच्यातले चिवट धागे विरघळतात आणि मांस खरे मऊ लागते. छातीच्या मांसाला मात्र हे लागू नाही, ते ७४ नंतर कोरडे पडत जाते. शेवटी तंगड्या दोन-तीन मिनिटे निखाऱ्यांवर आणून कातडी कुरकुरीत करा. साखर किंवा मध असलेला सॉस शेवटच्या पाच-दहा मिनिटांतच लावा. आधी लावला तर मांस शिजायच्या आत साखर जळते.

चरबी ठिबकून भडका उडाला तर पदार्थ थंड बाजूला सरकवा आणि झाकण लावा. पाणी मारू नका, राख उडून पदार्थावर बसते.

झडपांचेही एवढ्यात सांगून ठेवतो. आच खालच्या झडपेने कमी-जास्त करायची आणि वरची निदान अर्धी उघडी ठेवायची. वरची बंद केली तर धूर आत कोंडून कडवटपणा येतो. झडप हलवल्याचा परिणाम दिसायला १० ते १५ मिनिटे लागतात. नवखे लोक दोन मिनिटांत दुसऱ्यांदा झडप हलवतात, मग तिसऱ्यांदा, आणि तापमान वरखाली होत राहते. थोडी हलवा आणि वाट बघा. हा संयम कोणत्याही महागड्या साहित्यापेक्षा जास्त उपयोगी पडतो. दर वेळी झाकण उघडले की निखाऱ्यांना जादा हवा मिळते आणि आच पुढे चढते, हेही लक्षात असू द्या.

प्रश्न : लाकडी कोळसा घ्यावा की ब्रिकेट?

पातळ तुकडे जोरदार आचेवर पटकन भाजायचे असतील तर लाकडी कोळसा. तो लवकर पेटतो, जास्त तापतो आणि राख कमी सोडतो, पण तुकडे लहानमोठे असल्याने आच एकसारखी राहत नाही. पोत्याच्या तळाचा भुगा वापरू नका, त्याने हवेची वाट बुजते. तास-दीड तासाच्या वरच्या कामाला ब्रिकेट. आकार सारखा असल्याने मोजून घालता येतात आणि पुढच्या वेळी तोच हिशेब चालतो. शिकायला याच बऱ्या. काडी लावताच पेटणाऱ्या, द्रव मुरवलेल्या ब्रिकेट मात्र नकोत. धुरी देताना न पेटलेल्या ब्रिकेट हळूहळू पेट घेत जातात आणि त्या द्रवाची वाफ तासन्‌तास मांसावर बसत राहते.

प्रश्न : मांसाला मंद आचेवर धुरी द्यायची आहे. वेगळा स्मोकर, म्हणजे धुरीचे भांडे, घ्यावा का? घ्यायचा तर कोणता?

अजून नको. झाकणाची ग्रिल हाच तुमचा पहिला स्मोकर आहे. तिच्यात चार-पाच वेळा नीट धुरी देता आली की मग ठरवा.

पद्धत अशी. ग्रिलच्या भिंतीला लागून दोन ब्रिकेट शेजारीशेजारी आणि त्यांच्यावर आणखी दोन, अशी रांग घेराच्या दोन तृतीयांशापर्यंत लावत जा. ब्रिकेट एकमेकींना टेकलेल्या हव्यात, फट राहिली तर आग तिथेच थांबते. लाकडी कोळशाची अशी रांग धड लागत नाही. रांगेच्या पहिल्या अर्ध्या भागावर सुक्या लाकडाचे चार-पाच ठोकळे अंतराने ठेवा, कारण गार आणि ओलसर मांस सुरुवातीलाच धूर जास्त धरते. मध्ये ट्रे ठेवून त्यात गरम पाणी ओता. गार पाणी ओतले तर ते तापवण्यातच सुरुवातीची आच खर्ची पडते. आता चिमणीत आठ-दहा ब्रिकेट फुलवून रांगेच्या एका टोकाला ठेवा. मांस पाण्याच्या ट्रेवर येईल असे मांडा आणि वरची झडप पेटत्या टोकाच्या विरुद्ध बाजूला करा. खालची झडप पाव उघडी ठेवली की तापमान ११० ते १३० अंशांत राहते आणि रांग सहा ते आठ तास चालते. इथे झाकणावरच्या काट्यावर विसंबू नका. वायरचा थर्मामीटर जाळीवर, मांसापासून पाच सेंटिमीटरवर लावा. पाचवी वस्तू घ्यायची ती हीच.

पहिली धुरी कोंबडीच्या हाडासकट मांड्यांना द्या. १३५ ते १५० अंशांवर त्या दीड-दोन तासांत होतात. ११० वर ठेवल्या तर कातडी रबरासारखी होते. म्हणून कोंबडीसाठी झडप थोडी जास्त उघडा. डुकराच्या खांद्याचा मोठा तुकडा नंतर घ्या. त्याचे आतले तापमान ६५ ते ७५ च्या दरम्यान कुठेतरी तासन्‌तास अडून बसते. पृष्ठभागावरचे पाणी बाष्प होताना मांस थंड करते, म्हणून असे होते. घाबरून कोळसा वाढवू नका. वाट बघा, किंवा तुकडा फॉइलमध्ये घट्ट गुंडाळा म्हणजे बाष्पीभवन थांबेल. ९३ ते ९५ ला सुई लोण्यात जावी तशी जाते, तेव्हा मांस हाताने सुटते.

हे जमल्यावरही स्मोकर हवासा वाटला तर उभा, पाण्याच्या भांड्याचा घ्या. त्यात खाली निखारे, मध्ये पाणी आणि वर दोन जाळ्या असतात. जागा कमी लागते, पाणी आच सांभाळते आणि कोळसा एकदा भरला की सहज आठ तास निघतात. नवख्याला हाच सर्वांत लवकर वश होतो.

बाजूला आग पेटवायचा वेगळा कप्पा असलेला आडवा स्मोकर देखणा दिसतो आणि तिथेच लोक फसतात. दोन मिलिमीटरच्या पत्र्याचा असेल तर तो उष्णता धरत नाही, दारांच्या फटींतून धूर गळतो आणि आगीच्या कप्प्याजवळचे टोक दुसऱ्या टोकापेक्षा बरेच जास्त तापते. दर ३० ते ४५ मिनिटांनी लाकूड घालावे लागते. चांगले सहा मिलिमीटर जाड पत्र्याचे असतात आणि दोन माणसांशिवाय हलत नाहीत. चिनी मातीच्या जाड भिंतींचा कामाडो कोळसा फार कमी खातो, पण एकदा जास्त तापला की तास-तास उतरत नाही. त्याचे झाकण आधी दोन बोटे उघडून क्षणभर थांबायचे आणि मगच पूर्ण उघडायचे. एकदम हवा गेली तर आतून ज्वाळा उसळते. लाकडी गोळ्यांचा विजेवरचा स्मोकर तापमान स्वतः राखतो, मात्र त्याचा धूर सौम्य असतो आणि आग राखायला तो शिकवत नाही.

प्रश्न : धुरीचे मांस कडू लागते. लाकडाच्या ढलप्या रात्रभर भिजवूनही फरक पडला नाही.

भिजवणे सोडा. लाकडात पाणी फारसे शिरत नाही, आणि जे शिरते ते आधी वाफ होऊन जाते. तो पांढरा लोट बराचसा वाफेचाच असतो. कडवटपणा येतो तो दाट पांढऱ्या किंवा पिवळट धुरातून, म्हणजे हवा कमी पडून अर्धवट जळणाऱ्या लाकडातून. सुके ठोकळे वापरा, वरची झडप पूर्ण उघडा आणि धूर विरळ, निळसर झाल्यावरच मांस आत ठेवा. धूर जेमतेम दिसत असेल तर तो पुरेसा आहे. ढलप्याच वापरायच्या असतील तर मूठभर फॉइलमध्ये गुंडाळून वर दोन-तीन भोके पाडा आणि पुडी निखाऱ्यांवर ठेवा. लाकूड टणक जातीचे हवे : ओक, सफरचंद, चेरी. पाइनसारखे राळ असलेले, रंगवलेले, प्लायवूड किंवा औषध मारलेले लाकूड चालणार नाही.

कापल्यावर कडेला दिसणारा गुलाबी पट्टा धुरातील वायू आणि मांसातील मायोग्लोबिन (मांसाला लाल रंग देणारे प्रथिन) यांच्या संयोगाने बनतो. चवीचा त्याच्याशी संबंध नाही, म्हणून तो दिसावा यासाठी जास्त लाकूड घालू नका.

प्रश्न : जुन्या लोखंडी पिंपाचा स्मोकर बनवता येईल का?

येईल, पण पिंपात आधी काय होते ते खात्रीने माहीत असेल तरच. रसायनांचे पिंप घेऊ नका. आतून अस्तर किंवा रंग असेल तर मोकळ्या जागी लाकडाची मोठी आग करून तो पूर्ण जाळा, मग तारेच्या चक्राने घासा. जस्ताचा मुलामा दिलेली जाळी, नळी किंवा पत्रा आत कुठेही नको. निखाऱ्यांजवळ जस्त तापले की विषारी धूर सोडते. साधे किंवा स्टेनलेस पोलाद वापरा.

प्रश्न : तारेचा ब्रश, न चिकटणारी चटई, सळ्या, यांतले काय घ्यावे?

तारेचा ब्रश नको. सुटलेली तार जाळीला चिकटते, तिथून अन्नात जाते आणि घशात किंवा आतड्यात रुतू शकते. लाकडी खरवडणी घ्या, किंवा फॉइलचा बोळा चिमट्यात धरून गरम जाळी घासा. चटई बहुधा २६० अंशांपर्यंतच टिकते आणि निखाऱ्यांवर तापमान सहज त्यापुढे जाते. पैसे वाचवा. सळ्या चपट्या घ्या. गोल सळीवर तुकडा जागच्या जागी फिरतो आणि एकच बाजू भाजत राहते.

प्रश्न : पाऊस असेल तर गॅरेजचे दार उघडे ठेवून भाजता येईल का? आणि उरलेल्या निखाऱ्यांचे काय करावे?

नाही. जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि उघडे दार पुरत नाही. विझल्यासारखी दिसणारी ग्रिलही घरात आणू नका.

काम झाल्यावर झाकण लावून दोन्ही झडपा बंद करा. निखारे हवेअभावी विझतात आणि उरलेला कोळसा पुढच्या वेळी उपयोगी येतो. राख झटकून तो चिमणीत नव्या कोळशाच्या वर घाला. तळाशी घातला तर बारीक तुकडे हवा अडवतात. राख निदान दोन दिवस गार होऊ द्या, मग झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात काढा. प्लॅस्टिकच्या पिशवीत किंवा कागदाच्या खोक्यात नको. आत दडलेला एक निखारा दुसऱ्या दिवशीही जिवंत असू शकतो.