सोलापुरात राहतो, ट्रेकिंगची सवय कुणालाच नाही. मुलं आणि आईला घेऊन डोंगर, जंगल, समुद्र असं सगळं चालत बघायचं तर सुरुवात कुठून करावी?

तुम्ही लिहिलंय की मुलगी ६ वर्षांची, मुलगा १० चा, आई बासष्टीच्या, आणि दिवाळीच्या सुट्टीत पहिलाच बेत कळसूबाईचा आहे. आधी तो बेत पुढं ढकला. कळसूबाई १,६४६ मीटर उंच, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर. वाटेत लोखंडी शिड्या आहेत. वर पोचणाऱ्या आज्या असतात, नाही असं नाही, पण त्या रोज डोंगर चढणाऱ्या गावांतल्या. आपण सपाट माळावरची माणसं. आपल्याकडं चढ म्हणजे रेल्वे पुलाचा.

ही चूक मी केलेली आहे म्हणून सांगते. धाकटी ५ वर्षांची असताना आम्ही रात्रीच्या गाडीनं पुण्याला गेलो आणि तसेच सिंहगडाच्या पायथ्याला. एप्रिल महिना, रविवार, चढायला सुरुवात केली तेव्हा नऊ वाजून गेलेले. अर्ध्या वाटेत धाकटी नवऱ्याच्या खांद्यावर, थोरला रुसून बसलेला, आणि आत्या (माझ्या सासूबाई) एका ताकवालीच्या शेजारी बसकण मारून म्हणाल्या, "तुम्ही या जाऊन. मी हितं हिच्याशी बोलत बसते." वर पिठलं-भाकरी खाल्ली असं सांगितल्यावर म्हणाल्या, "घरी काय भाकरी मिळत नव्हती का?" पुढं वर्षभर घरात ट्रेक शब्द काढायची सोय राहिली नाही.

आणि याच आत्या कोजागरीच्या वेळी सोलापूरहून तुळजापूरला चालत गेलेल्या आहेत. पंचेचाळीसेक किलोमीटर, रात्रभर. तुमच्याही घरात किंवा गल्लीत अशी माणसं असणारच. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेच्या दिवसांत नंदीध्वजांसोबत ६८ लिंगांच्या वाटेनं चालणाऱ्यांनाही कुणी हायकर म्हणत नाही. म्हणून माझा पहिला सल्ला: आईंना ट्रेक म्हणून नेऊ नका, दर्शनाला किंवा प्रदक्षिणेला न्या. ट्रेक म्हटलं की दुखणारे गुडघे प्रदक्षिणेला दुखत नाहीत. ही थट्टा नाही. ओळखीच्या कारणासाठी माणूस स्वतःच्या चालीनं चालतं, आणि सगळ्यात हळू चालणाऱ्याच्या मागं बाकीच्यांनी राहायचं हे तिथं आपोआप होतं. ट्रेकमध्ये पुढचे पळतात आणि मागच्यांना लाज वाटते.

दुसरी गोष्ट ऊन. आपल्याला चढापेक्षा ऊन जास्त मारतं. फेब्रुवारी संपला की मुलांना घेऊन आपल्या भागात कुठंही चालायला जाऊ नका, थेट पावसाळ्याची वाट बघा. आणि थंडीतसुद्धा दहाच्या आत परतीला लागा.

सुरुवात नळदुर्गपासून करा. हैदराबाद रस्त्यानं तासाभरात पोचता. किल्ला आहे, पण डोंगरी नाही, भुईकोट. तटावरून, बुरुजांवरून हवं तेवढं चालायचं, कंटाळा आला की मागं फिरायचं. बोरी नदी अडवून बांधलेल्या बंधाऱ्याच्या पोटातच पाणीमहाल आहे, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातला, १६१३ चा. नदीला पाणी भरपूर आलं की बंधाऱ्यावरून नर आणि मादी हे दोन धबधबे पडतात आणि तुम्ही त्या पाण्याच्या आत, खिडकीशी उभे असता. आमचा थोरला तिथून निघायलाच तयार नव्हता. पाऊस जोरात झाल्यावर चार-आठ दिवसांत जा. आपल्याकडं खरा पाऊस सप्टेंबरातच पडतो, तेव्हा श्रावणात कोरडं दिसलं म्हणून नाराज होऊ नका. तटाला सगळीकडं कठडा नाही, धाकटीचा हात सोडायचा नाही.

मग येडशीचं रामलिंग. तुळजापूर, धाराशिव करत गेलात तर नव्वदेक किलोमीटर. बालाघाटाच्या डोंगरातलं छोटं अभयारण्य, मध्ये खोलगट जागी महादेवाचं देऊळ आणि त्याला वळसा घालून जाणारा ओढा. जटायू इथं पडला आणि त्याला पाणी पाजायला रामानं बाण मारून झरा काढला, अशी तिथली कथा. धाकटीला ही गोष्ट गाडीतच सांगून ठेवली होती, त्यामुळं उतरल्यावर ती आमच्या पुढं. उतार आधी आणि चढ नंतर, हे मात्र लक्षात असू द्या: जाताना सगळे खूश असतात, दमछाक येताना. तिथली माकडं पिशवीतला कागद वाजला तरी धावून येतात. खाऊ सॅकच्या तळाशी ठेवा आणि गाडीत परत आल्यावरच काढा.

खाऊवरून आठवलं. बिस्किटांचे पुडे भरू नका. आपली कडक भाकरी आणि शेंगाची चटणी यापेक्षा चांगली शिदोरी सह्याद्रीतल्या कुठल्याही ट्रेकरकडं नसते. चार दिवस खराब होत नाही, वजन नाही, चुरा झाला तरी चालतो. फक्त तहान लागते, म्हणून पाणी मोठ्यांना दोन आणि मुलांना एक लिटर.

नान्नजचं माळढोक अभयारण्य अगदी जवळ, वीसेक किलोमीटर. माळढोक दिसेल असं मुलांना कबूल करून नेऊ नका, तो आता दिसेनासाच झालाय. पण थंडीत सकाळी काळवीट हमखास दिसतात. वनरक्षकांना विचारून, ते सांगतील तेवढंच फिरायचं. येताना कुणाच्या शेतात हुरडा मिळाला तर दिवस सोन्याचा.

ही तीन ठिकाणं झाली की मुलं तीन-चार तास न कुरकुरता चालतात. आता लांबचा बेत. आपल्या गावातून सांगोला, मिरज, कोल्हापूर करत जो रस्ता रत्नागिरीला जातो, त्या एकाच रस्त्यावर तुम्हाला हवं ते सगळं ओळीनं आहे. पुण्याकडच्या गर्दीत जायची गरजच नाही. चार-पाच दिवस काढा, नोव्हेंबर-डिसेंबर उत्तम.

पहिला मुक्काम पन्हाळा. गाडी गडावर जाते, म्हणजे आईंना चढ नाहीच. संध्याकाळी तटावरून फिरा, सज्जाकोठी, तीन दरवाजा बघा. दुसऱ्या दिवशी पहाटे जवळचं मसाई पठार. तिथं गेल्यावर सह्याद्री आपल्याला पहिल्यांदा आपला वाटला, कारण तो वर चक्क माळ आहे! सपाट, मोकळा, वारा खाणारा, फक्त कडेला गेलं की दरी. मसाई देवीच्या देवळापर्यंत आत्या सगळ्यांच्या पुढं होत्या. शिवाजी महाराज पन्हाळ्याहून विशाळगडाकडं निघाले ती वाट याच पठारावरून जाते, हे थोरल्याला सांगितलं आणि तो पुढं तासभर तलवार चालवत होता.

जंगल म्हणाल तर पुढं आंबा घाट. इथं थोडक्यात सांगते: स्थानिक वाटाड्या घ्या, गव्यांचा भाग आहे, दोन तासांच्या वर मुलांना चालवू नका आणि पावसाळ्यात जळवा असतात, म्हणून तेव्हा टाळा.

घाट उतरलात की गणपतीपुळे. तिथं डोंगरालाच गणपतीचं रूप मानतात, म्हणून प्रदक्षिणा अख्ख्या टेकडीला घालायची, साधारण एक किलोमीटरची, बांधलेली वाट. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला झाडी. तुमच्या आईंसाठी याहून चांगली समुद्रकाठची वाट मला माहीत नाही. पाण्यात मात्र पोटरीच्या वर कुणी जायचं नाही. किनारा एकाएकी खोल होतो आणि लाट परतताना पायाखालची वाळू ओढून नेते. पोहता येणारी माणसंसुद्धा तिथं बुडालेली आहेत.

वाळूवरून लांबवर चालायचं तर ओहोटीला निघा. वेळ काढायची कोकणातली जुनी रीत सोपी आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, आणि भरतीनंतर सहा तासांनी ओहोटी. चतुर्थीला तीनच्या सुमाराला भरती, म्हणजे नऊला ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, त्या दिवशी पाण्याशी खेळ नकोच. आम्हाला ही रीत खोलीच्या मालकांनी सांगितली आणि त्याच क्षणी आत्या आमच्या म्होरक्या झाल्या, कारण घरात तिथ्या पाठ फक्त त्यांना. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिता पिता बोटं मोजून म्हणाल्या, "आज दशमी. साडेसातला भरती, दीडला पाणी मागं. जेवून निघू." हिशेब अगदी बरोबर होता. दीड वाजता वाळू तव्यासारखी तापलेली असते, एवढं फक्त त्यात धरलं नव्हतं.