दांड्या फुल, तरी फोन का लागत नाही?

नवरात्रात तुळजापूरला रेंज फुल दिसते, पण फोन लागत नाही, असं तुम्ही विचारलंय. फोनवरच्या रेंजच्या दांड्या एवढंच सांगतात की टॉवरचा सिग्नल तुमच्यापर्यंत पोचतोय. टॉवरवर जागा शिल्लक आहे का, ते त्यांना कळत नाही. एक टॉवर एका वेळी ठरावीकच कॉल धरतो.

आमची आत्या महाद्वारापाशी गर्दीत हातातून सुटली तेव्हा तासभर फोन नुसता टूं-टूं करत होता. जीव टांगणीला! शेवटी भावाला एसएमएस गेला: 'कल्लोळ तीर्थाजवळ थांबलोय'. एसएमएसला जागा थोडी लागते आणि लगेच पोचला नाही तर तो कंपनीच्या एसएमएस केंद्रात थांबतो, पुन्हा पाठवला जातो. फक्त देवनागरीत काना-मात्रा धरून 70 खुणांतच बसवा, नाहीतर त्याचे तुकडे होतात.