डोक्याला मार लागला, पण माणूस दिसायला धडधाकट आहे. नाशिकमध्ये भरपाईचा दावा कसा करायचा?

ताई, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. पाथर्डी फाट्याजवळ पिकअपने तुमच्या मिस्टरांच्या दुचाकीला मागून ठोकलं. डोक्यात रक्त साकळलं म्हणून ऑपरेशन झालं. त्याला आता चार महिने झाले. ते चालतात, बोलतात, पण विसरतात, पटकन भडकतात आणि त्यांना वास येत नाही. लग्नाच्या ऑर्डरी घेणारा आचारी माणूस घरी बसून आहे. विमा कंपनीचा माणूस ‘सहा लाखांत मिटवून टाका’ म्हणतोय. हेल्मेट घातलेलं नव्हतं आणि सॅलरी स्लिप वगैरे काही नाही. मग हे पैसे घ्यावेत का, आणि कोर्टात गेलं तर त्यांना उभं करतील का?

मी वकील नाही. माझ्या थोरल्या भावाचा असाच क्लेम आपल्या जिल्हा न्यायालयात, म्हणजे सीबीएसजवळच्या कोर्टात चालला आणि कागदपत्रं सांभाळायचं काम माझ्याकडे होतं. त्या अनुभवावरून सांगतो: सहा लाखांवर आत्ता सही करू नका, पण दावा मात्र लगेच दाखल करा. मोटार वाहन कायद्यात 1 एप्रिल 2022 पासून अपघातानंतर सहा महिन्यांची मुदत आहे. या मुदतीला सुप्रीम कोर्टात आव्हान दिलेलं आहे, तरी त्या भरवशावर बसू नका. तुमच्या हातात दोन महिने आहेत. शिवाय भरपाईवरचं व्याज साधारण अर्ज दाखल केल्याच्या तारखेपासून धरतात, त्यामुळे उशिराचा तोटा तुमचाच. ‘आधी पूर्ण बरे होऊ देत, मग बघू’ असं नातेवाईक म्हणतील. त्यांना म्हणू देत. अर्ज आधी लावता येतो आणि अपंगत्वाचा दाखला नंतर जोडता येतो. मेंदूच्या दुखापतीत किती सुधारणा होणार हे कळायला तसेही सहा महिने ते वर्ष जातं.

दावा कलम 166 खाली मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात होतो. त्यात पिकअपचा ड्रायव्हर, मालक आणि विमा कंपनी अशा तिघांना सामनेवाले, म्हणजे विरुद्ध पक्ष, करायचं. गाडीचा विमा चालू होता का, हे नंबर टाकून एम-परिवहन ॲपवर दिसतं. एफआयआर, घटनास्थळ पंचनामा आणि दोषारोपपत्र पोलीस ठाण्यातून मिळवा. पोलिसांनी सविस्तर अपघात अहवाल न्यायाधिकरणाकडे पाठवायचा असतो, पण तो गेलाच असेल असं गृहीत धरू नका.

आता मुख्य मुद्दा. तुटलेला पाय एक्स-रेत दिसतो. मेंदूचा मार बसलेला माणूस मात्र कोर्टात नीट कपडे घालून येतो आणि स्वतःचं नाव-गाव बिनचूक सांगतो. विमा कंपनीचा सगळा खेळ इथेच असतो. तुमच्या डिस्चार्ज कार्डावर बहुतेक ‘शुद्धीवर, ओळख देतो, जीसीएस 15/15’ असं लिहिलेलं असेल. समोरचा वकील तेच कार्ड हातात धरून म्हणेल, पंधरापैकी पंधरा, म्हणजे पेशंट ठणठणीत! त्याचं उत्तर तुमच्याकडे तयार हवं. जीसीएस म्हणजे ग्लासगो कोमा स्केल, पेशंट किती शुद्धीवर आहे ते मोजायची पट्टी. तो फक्त तीन गोष्टी मोजतो: डोळे उघडण्याला चार, बोलण्याला पाच आणि हातपाय हलवण्याला सहा गुण. शंभर पानांचा स्वयंपाक डोक्यात धरता येतो का, मदतनिसावर उगाच झारा उगारतो का, हे त्यात कुठेच येत नाही.

म्हणून आजपासून एक वही घाला. तारीख टाकून, काय झालं तेवढंच लिहायचं. ‘खूप त्रास होतो’ अशी वाक्यं काही कामाची नाहीत. ‘गॅसवर दूध ठेवून बाहेर गेले, भांडं जळालं, वास आला नाही’ हे कामाचं आहे. ‘मिठाचं प्रमाण तीनदा विचारलं’ हेही. फिट आली तर वेळ आणि किती मिनिटं चालली ते लिहा, शक्य असेल तर मोबाइलवर व्हिडिओ घ्या. ओपीडीत गेल्यावर ही वही डॉक्टरांना दाखवा आणि तक्रार केसपेपरवर लिहून घ्यायला सांगा. केसपेपरवर नसलेली तक्रार दोन वर्षांनी कोर्टात सांगितली की ती बनावट वाटते.

वास जाण्याचा तर आवर्जून उल्लेख करून घ्या. डोक्याला जोराचा मार बसला की नाकाच्या वरच्या बाजूने मेंदूत जाणारे बारीक मज्जातंतू तुटू शकतात. हे डॉक्टरांना माहीत असतं, पण आपण सांगितल्याशिवाय कोणी लिहीत नाही. बँकेतल्या कारकुनाचं यावाचून फार अडणार नाही. फोडणी करपली की उतरली हे नाकाने ओळखणाऱ्या आचाऱ्याचा धंदा मात्र यावरच असतो.

अपंगत्वाचा दाखला सिव्हिल हॉस्पिटलमधून काढाल. त्यावर समजा 30 टक्के आलं, तरी हिरमुसू नका. सुप्रीम कोर्टाने 2010 मध्ये राजकुमार विरुद्ध अजयकुमार खटल्यात स्पष्ट केलंय की दाखल्यावरची टक्केवारी वेगळी आणि त्या माणसाची कमाई किती टक्क्यांनी बुडाली ती वेगळी. न्यायाधिकरणाने दुसरी गोष्ट बघायची. हिशेब असा होतो: वय 36, महिन्याची कमाई 20,000 धरली तर वर्षाचे 2,40,000. स्वतःचा धंदा आणि वय चाळिशीच्या आत, म्हणून पुढच्या वाढीचे 40 टक्के धरून 3,36,000. या वयाला गुणक, म्हणजे वर्षाची कमाई ज्याने गुणायची तो वयानुसार ठरलेला आकडा, 15. कमाई 30 टक्के बुडाली म्हटलं तर 15,12,000 येतात, 60 टक्के म्हटलं तर 30,24,000. यात दवाखान्याची बिलं, पुढचे उपचार आणि वेदनांची भरपाई अजून धरलेलीच नाही. वय आणि कमाई तुमच्या खऱ्या आकड्यांनी बदला, पण सहा लाख कुठे बसतात ते तुमचं तुम्हाला दिसेल.

ही 60 टक्क्यांची बाजू सिद्ध करायला दोन साक्षी लागतात. पहिली उपचार करणाऱ्या न्यूरोसर्जनची. दाखला देणाऱ्या, पण उपचार न केलेल्या डॉक्टरच्या कागदाकडे कोर्ट सावधपणे बघतं, म्हणून ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांना साक्षीसाठी आत्ताच विचारून ठेवा. त्यांच्याकडूनच स्मरणशक्ती, लक्ष आणि नियोजन यांच्या चाचण्यांसाठी क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे चिठ्ठी घ्या. सीटी स्कॅन स्वच्छ असला तरी या चाचण्यांत फरक उघडा पडतो.

दुसरी साक्ष कामावरच्या माणसाची. माझा भाऊ सातपूरला एका वर्कशॉपमध्ये टर्नर, म्हणजे लेथ मशीन चालवणारा, होता. अपघातानंतर मालकाने माणुसकीने परत घेतलं. ड्रॉइंग त्याला वाचता यायचं, पण मध्येच कोणी हाक मारली की किती कट झालाय तेच विसरायचा आणि जॉब, म्हणजे हातातला नग, बाद व्हायचा. सुपरवायझरने बाद जॉबचं रजिस्टर कोर्टात आणलं. अपघाताच्या आधीची पानं आणि नंतरची पानं शेजारी ठेवल्यावर विमा कंपनीच्या वकिलाने फारसं काही विचारलंच नाही. तुमच्याकडे असं रजिस्टर नसेल, पण मिस्टरांबरोबर काम करणारे वाढपी, मदतनीस, मंगल कार्यालयाचा मॅनेजर असतीलच. त्यातल्या एकाला तयार करा.

कमाईचा पुरावा म्हणून ऑर्डरींची डायरी, फोनपेचे व्यवहार, बँकेचं स्टेटमेंट, घाऊक किराण्याची बिलं, अन्न परवाना असेल तर तो, आणि दोन-तीन जुन्या यजमानांची शपथपत्रं चालतात. डायरीला तेलाचे डाग असले तरी ती तशीच द्या. नवी कोरी उतरवून काढलीत तर संशय येईल.

तुम्ही स्वतः दिवसभर त्यांच्यामागे असता, त्याचीही मागणी अर्जात घाला. बायको करते म्हणून ती सेवा फुकट ठरत नाही. 2020 च्या काजल विरुद्ध जगदीश चंद या खटल्यात मेंदूला गंभीर इजा झालेल्या मुलीच्या देखभालीचा खर्च सुप्रीम कोर्टाने गुणक लावून काढला आणि एकूण भरपाई 62 लाखांच्या वर गेली. ती मुलगी आयुष्यभर अंथरुणाला खिळलेली होती, तेव्हा तो आकडा तुमच्यासाठी नाही. पण पद्धत तीच. मेडिक्लेममधून बिलं मिळाली असतील तरी लपवू नका. ती रक्कम भरपाईतून वजा करता येत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने 2025 मध्ये सांगितलंय.

हेल्मेटचं म्हणाल तर मुद्दा उचलला जाणारच, आणि डोक्याच्याच दुखापतीत तो थोडा टोचतो. पण हेल्मेट नसल्याने मागून धडक बसत नाही. नियमभंगाचा संबंध अपघाताशी किंवा दुखापतीशी होता, हे दाखवावं लागतं. नुसतं ‘नियम मोडला’ म्हणून भागत नाही. काही टक्के कपात झाली तरी दावा बुडत नाही. मला त्याहून जास्त काळजी कॅज्युअल्टीच्या पहिल्या कागदाची वाटते. घाईत कोणीतरी ‘गाडीवरून पडले’ एवढंच सांगतं आणि तेच लिहिलं जातं. मग कंपनी म्हणते, धडक झालीच नाही. तो कागद आज काढून वाचा. तसं लिहिलेलं असेल तर वकिलांना पहिल्याच भेटीत सांगा.

वकील निवडताना ‘मिळतील त्याचे अमुक टक्के’ असं कोणी म्हणालं तर जपून. निकालावर फी ठरवायला बार कौन्सिलच्या नियमांत मनाई आहे. परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. महिला आणि दिव्यांग व्यक्तींना तिथे उत्पन्नाची अट न बघता मोफत वकील मिळतो.

तडजोड कधीच करू नये असं माझं म्हणणं नाही. आम्ही स्वतः लोक अदालतीतच मिटवलं, पण सगळ्या चाचण्या आणि साक्षी झाल्यावर. लोक अदालतीच्या निवाड्यावर अपील नसतं. डोक्याच्या मारानंतर फिट्स वर्ष-दोन वर्षांनीही सुरू होऊ शकतात, आणि आज सही केलीत तर तेव्हा पुन्हा मागायला जागा उरणार नाही.

राहिलं कोर्टात उभं राहण्याचं. हो, बोलावतील. मूळ जबाब शपथपत्रावर लिहून देता येतो, पण उलटतपासणी होते. गर्दी-गोंगाटाने ते बिथरत असतील तर कोर्ट कमिशनरमार्फत, म्हणजे कोर्टाने नेमलेल्या माणसाकडून, शांत जागी जबाब घ्यावा असा अर्ज डॉक्टरांच्या पत्रासह करता येतो. आठवत नसेल तिथे ‘आठवत नाही’ म्हणायचं, अंदाजाने काही ठोकायचं नाही, एवढंच त्यांना सांगून ठेवा. आणि तुमचीही साक्ष होईल, तेव्हा ती वही मूळच घेऊन जा, झेरॉक्स नको.