अंडरग्राउंडला पोस्टिंग आलंय, जाऊ का?

प्रश्न : काका, राजुरा तालुक्यातलं आमचं कपाशीचं शेत कोळसा खाणीत गेलं. बदल्यात मला जनरल मजदूराची नोकरी लागली, पण पोस्टिंग अंडरग्राउंडला आहे. आई रडते. गावातले म्हणतात, ओळख लावून वरचं काम मिळव. काय करू?

उत्तर (निवृत्त ओव्हरमन, म्हणजे खाणीतल्या पाळीचा सुपरवायझर) : खाली जा. ओळखी लावून ऑफिसात चिकटलेली बरीच पोरं मी मजदूर म्हणूनच रिटायर होताना पाहिली. तुला पुढे मायनिंग सरदार, म्हणजे खाली मजुरांच्या सुरक्षेवर लक्ष ठेवणारा, व्हायचं असेल, तर खालचा अनुभव हवाच. फर्स्ट एड आणि गॅस टेस्टिंगची सर्टिफिकेटं काढ आणि सरदाराच्या परीक्षेला बस.

आईची भीती खोटी नाही. जमिनीखालच्या अपघातांत छत कोसळण्याचा वाटा कायम मोठा राहिलाय. म्हणून व्हीटी सेंटरला (खाण कामगारांच्या प्रशिक्षण केंद्राला) ट्रेनिंग घेताना हजेरीपुरता बसू नकोस. खाली गेल्यावर जुन्या सरदाराच्या मागे मागे राहा. तो एका हाताने काठी छताला ठोकतो आणि दुसऱ्या हाताची बोटं छताला लावून ठेवतो. घट्ट छत खणखणीत वाजतं. सुटलेलं छत ढबढब वाजतं आणि बोटांना थरथर लागते. हे कान-बोटांचं शिक्षण कोणत्याच पुस्तकात मिळत नाही. बोल्ट किंवा टेकू न लावलेल्या छताखाली पाऊल टाकायचं नाही, मग साहेब कितीही ओरडो! प्रोडक्शनची घाई रोजचीच असते.

हवेतला मिथेन, म्हणजे पेट घेणारा वायू, 1.25 टक्क्यांच्या वर गेला की तिथली वीज तोडायची, असा नियम आहे. त्या वेळी 'थोडंसंच काम उरलंय' म्हणणाऱ्याचं ऐकू नकोस. कमरेचा सेल्फ-रेस्क्यूअर, म्हणजे विषारी हवेत श्वास घेण्यासाठीचा डबा, जड वाटतो म्हणून काही जण तो काढून बाजूला ठेवतात, तूही तसं करशील तर मला वाईट वाटेल. आमच्या वेळच्या फिल्टरच्या डब्यातून विषारी हवेत श्वास घेतला की आत गरम हवा यायची. घाबरून तो तोंडातून काढायचा नसतो. गरम लागतं म्हणजे तो काम करतोय.

नाइट शिफ्ट करून आलास की दुपारी शेतीच्या कामाला जुंपून घेऊ नकोस, झोप. हे घरच्यांना आधीच सांगून ठेव.

आणि खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचं मिश्रण. बिडी-काडी खाली नेता येत नाही, म्हणून पोरं खर्ऱ्याला लागतात. माझ्या पाळीतल्या जिवलग मित्राचा अर्धा जबडा त्यापायी कापावा लागला. कोणी पहिल्याच दिवशी आपुलकीने पुडी पुढे करेल, तेव्हाच नाही म्हण.